अँटिबायोटिक आणि पित्त: गोळी कशी घ्याल, जळजळ कशी शमवाल

गोळी उपाशीपोटी घ्यायची की जेवून? दुधाबरोबर घेतली तर पोट सांभाळलं जाईल का? पित्त उसळलं म्हणून वरून डायजीन घेतलं तर चालतं ना? अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरोघरी हेच प्रश्न निघतात. डॉक्टरांचा फोन लागत नाही, केमिस्टकडे गर्दी असते. मग शेजारच्या काकू, व्हॉट्सॲप आणि फ्रीजमधलं थंड दूध यांच्यावर भागवलं जातं. 'औषध उष्ण पडलं' म्हणून कोर्स मध्येच सोडून देणारेही कमी नाहीत.

यातली गोम अशी की जळजळीवर हाताशी असलेले बरेचसे उपाय काही अँटिबायोटिकांची ताकदच काढून घेतात. पित्त शमतं आणि जंतूही सुखाने नांदतात. उलट ज्या उपायाने अनेकांचा त्रास निम्म्यावर येतो, त्याला पैसा लागत नाही. पेलाभर पाणी हवं आणि घड्याळाकडे लक्ष हवं.

आधी जळजळ कुठली ते ओळखा

'ॲसिडिटी झाली' या दोन शब्दांत तीन वेगळे त्रास दडलेले असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला त्रास अन्ननलिकेचा. गोळी किंवा कॅप्सूल पोटात न उतरता छातीच्या मधोमध चिकटून बसते, तिथेच विरघळते आणि आतलं अस्तर भाजून काढते. दुखणं अचानक सुरू होतं, छातीच्या हाडामागे नेमकं एका जागी असतं आणि पाणी गिळतानाही कळ येते. आदल्या दिवसापर्यंत पित्ताचा कसलाच त्रास नव्हता आणि आज घास उतरत नाही, असं असेल तर संशय इथेच घ्यावा.

दुसरा त्रास पोटाचा: मळमळ, करपट ढेकर, जेवणानंतर घशाशी येणारं आंबट पाणी. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, ॲझिथ्रोमायसिन, मेट्रोनिडाझोल ही मंडळी यात पुढे. मेट्रोनिडाझोलने तोंडाला लोखंडासारखी चवही येते. ती कोर्स संपला की जाते, त्यासाठी वेगळं औषध लागत नाही.

तिसऱ्या त्रासात अँटिबायोटिकवर नाहक आळ येतो. दाढ काढल्यानंतरची चिठ्ठी आठवून पाहा. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि त्यांच्या जोडीला डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असलेली वेदनाशामक गोळी. पोटाच्या अस्तराला खरी इजा करणारी बहुधा ही तिसरी असते. दुखणं आटोक्यात आलं असेल तर ती बंद करता येईल का, किंवा तिच्याऐवजी साधं पॅरासिटामॉल चालेल का, हे दंतवैद्यांना विचारा. पुष्कळदा एवढ्यानेच छाती शांत होते आणि अँटिबायोटिकला हातही लावावा लागत नाही.

पावसाळ्यातली कॅप्सूल

अन्ननलिका भाजण्याच्या प्रकारात सगळ्यात बदनाम औषध डॉक्सिसायक्लिन. महाराष्ट्रात त्याचा एक हंगामच असतो. मुंबईत पाणी तुंबलं आणि लोक गुडघाभर पाण्यातून घरी गेले, की महापालिका लेप्टोस्पायरोसिसचा इशारा देते आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या, असं सांगते. मोठ्या माणसांसाठी ते बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन असतं. कोकणात भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना हेच दिलं जातं. स्क्रब टायफसवर तेच चालतं आणि चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी कॉलेजातली मुलं महिनोन्‌महिने तेच घेत असतात.

त्रास कसा होतो, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. दमलाभागला माणूस रात्री अकराला घरी येतो. जेवण झालेलं असतं. दिवा घालवता घालवता कॅप्सूल तोंडात टाकतो, उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं एक घोट पाणी पितो आणि आडवा होतो. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही जवळजवळ थांबतं. ओलसर झालेलं जिलेटिनचं कवच अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटतं. आतली पूड चांगलीच आम्लधर्मी असते. पहाटे छातीत निखारा ठेवल्यासारखं होऊन जाग येते आणि घरच्यांना वाटतं, हार्ट ॲटॅक आला.

हे सगळं टाळणं अगदी सोपं आहे:

- कॅप्सूल घेण्याआधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करा. मग कॅप्सूल आणि तिच्यावर पूर्ण पेला, म्हणजे २०० ते २५० मिलि पाणी.
- उभ्याने किंवा ताठ बसून घ्या. त्यानंतर किमान अर्धा तास आडवं होऊ नका.
- रात्रीचा डोस झोपताना घेऊ नका, जेवणाबरोबर घ्या. दिवसातून एकदाच घ्यायची असेल तर सकाळचा नाश्ता उत्तम.
- चहाबरोबर नको. गरम चहात कवच मऊ पडतं आणि चिकटायला सोकावतं.
- कॅप्सूल फोडून पूड मधात कालवण्याचा प्रयोग करू नका. गिळणं जमत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या स्वरूपात औषध मिळू शकतं.

क्लिंडामायसिनच्या कॅप्सूललाही हेच नियम. ज्यांना हायाटस हर्निया आहे, जे अंथरुणाला खिळलेले आहेत किंवा हाडांच्या ठिसूळपणासाठी ॲलेंड्रोनेट घेतात, त्यांनी ही गोष्ट चिठ्ठी लिहिण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घालावी. गरोदर स्त्रिया आणि ८ वर्षांखालच्या मुलांना डॉक्सिसायक्लिन सहसा देत नाहीत. घरातल्या मोठ्यांसाठी आणलेली गोळी त्यांना वाटून देऊ नये.

आणि छाती भाजलीच तर? पुढची कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. बहुतेक वेळा औषध बदलून देतात आणि अन्ननलिका काही दिवसांत भरून येते. तोवर मऊ, कोमट खाणं. तिखट, आंबट आणि कडकडीत गरम काही नको.

जेवणाआधी की जेवणानंतर?

याचं एकच उत्तर सगळ्या औषधांना लागू नाही, गोंधळ तिथेच होतो. 'अँटिबायोटिक नेहमी जेवून घ्यावं' हा घरगुती नियम बहुतेकदा चालून जातो, पण सगळीकडे नाही.

- अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड (ऑगमेंटिन आणि तत्सम '६२५'च्या गोळ्या): जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या घासाबरोबर. पोटाला त्रास कमी होतो आणि औषधही नीट शोषलं जातं. लहान मुलांच्या याच औषधाच्या सिरपलाही हा नियम.
- सेफ्युरॉक्झिम, सेफपोडॉक्झिम: जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर लगेच. यांची आणखी एक खोड आहे, ती पुढे येईल.
- मेट्रोनिडाझोल, नायट्रोफ्युरँटॉइन: पोटात अन्न असताना. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू बंद.
- ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या: कशाही चालतात. मळमळत असेल तर जेवून घ्या.
- सिप्रोफ्लॉक्सासिन: जेवणाबरोबर चालतं, पण नुसत्या दूध-दह्याबरोबर नाही.
- नॉरफ्लॉक्सासिन: जेवणाच्या तासभर आधी किंवा जेवल्यावर दोन तासांनी.

क्षयरोगाची औषधं या यादीत मुद्दाम घेतलेली नाहीत. त्यातलं रिफाम्पिसिन उपाशीपोटी चांगलं शोषलं जातं. मळमळ असह्य झाली तर स्वतःच्या मनाने वेळ बदलण्यापेक्षा क्षयरोग केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना सांगा. हलक्या नाश्त्यानंतर घ्यायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. लघवी नारिंगी होणं या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे. डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

श्रावणातल्या सोमवारी, एकादशीला किंवा नवरात्रात कोर्स चालू असेल तर प्रश्न अधिक टोकदार होतो. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी तुपातली साबुदाणा खिचडी आणि तिच्यावर '६२५'ची गोळी, यात पित्त उसळलं नाही तरच नवल. तेवढ्यापुरता उपास सोडता येत नसेल तर डोसच्या वेळेला दोन केळी किंवा वाटीभर वरीचा भात तरी पोटात हवा. रमझानचे रोजे पाळणाऱ्यांनी दिवसातून एकदाच घ्यायचं औषध मिळेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

अँटासिड घ्या, पण घड्याळ बघून

डायजीन, जेलुसिल यांसारख्या अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधं पोटात या धातूंना भेटली, की त्यांची घट्ट गाठ बसते. ती गाठ आतड्यातून रक्तात जात नाही, तशीच बाहेर पडते. गोळी घेतल्याचं समाधान तेवढं मिळतं.

कॅल्शियम, लोह आणि जस्त यांचंही तेच. आपल्या घरात हे कुठे कुठे असतं, ते बघितलं तर चकित व्हायला होतं:

- दूध, दही, ताक, दुधातलं नाचणी सत्त्व
- कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या
- 'अशक्तपणा येऊ नये' म्हणून त्याच चिठ्ठीवर लिहिलेलं जस्तयुक्त बी-कॉम्प्लेक्स
- अल्सरसाठी दिलं जाणारं सुक्रालफेट, ज्यात ॲल्युमिनियम असतं
- पित्तावरची आयुर्वेदिक औषधं. कामदुधा रसात प्रवाळ, शंख, मोती, कवडी यांची भस्मं असतात आणि सूतशेखरातही शंखभस्म असतं. ही सगळी मुळात कॅल्शियमचीच रूपं.
- पानाला लावलेला चुना

'आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय' असं म्हणून कामदुधा आणि सिप्रो एकाच घोटाबरोबर घेणारी घरं महाराष्ट्रात भरपूर आहेत. दोन्ही औषधं चालतील, पण एकाच वेळी नाही. वैद्यांना अँटिबायोटिकचं नाव सांगा, डॉक्टरांना कामदुधाचं.

अंतर किती ठेवायचं? सिप्रोफ्लॉक्सासिनचा नियम सगळ्यात कडक. अँटासिडच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर सिप्रो. समजा डोस सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता आहे. मग अँटासिडला जागा उरते ती सकाळी १० ते दुपारी २, आणि रात्री १० ते २. म्हणजे दुपारचं जेवण एकला उरकून घेतलेला डोस बसतो, संध्याकाळी सहाच्या भज्यांनंतरचा बसत नाही. ही गोष्ट कागदावर लिहून फ्रीजला चिकटवली तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही औषध देता येतं. लिव्होफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिनला दोन-तीन तासांचं अंतर साधारण पुरतं. ॲझिथ्रोमायसिनही अँटासिडच्या जोडीने घेऊ नये. अमॉक्सिसिलिनवाल्यांना मात्र ही काळजी करण्याचं कारण नाही.

दह्या-दुधाबद्दल एक दिलासा. भाजी-पोळी-भाताच्या पूर्ण जेवणात वाटीभर दही असलं तरी सिप्रो चालतं. अडचण आहे ती गोळी नुसत्या दुधाबरोबर किंवा ताकाबरोबर घेतली तर.

इनोसारख्या फ्रूट सॉल्टमध्ये हे धातू नसले तरी सोडियम भरपूर असतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दिवसातून दोन-तीनदा ते फेसाळून पिऊ नये.

'पॅन फोर्टी'चा मोह

अँटिबायोटिकच्या जोडीला पॅन्टोप्राझोल लिहिणं आता इतकं नेहमीचं झालं आहे, की ते नसलं तर रुग्णच मागून घेतात. हे औषध वाईट नाही. ज्यांना आधीपासून ॲसिड रिफ्लक्स आहे, पूर्वी अल्सर होऊन गेला आहे किंवा जोडीला वेदनाशामक गोळ्या चालू आहेत, त्यांना त्याचा उपयोग होतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरच्या कोर्समध्ये तर ते उपचाराचाच भाग असतं, तिथे वगळून चालत नाही. पण सरसकट प्रत्येकाला त्याची गरज नसते, आणि मनाने सुरू करण्याआधी चार गोष्टी माहीत हव्यात.

ते घेतल्या घेतल्या आराम देत नाही. नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं आणि पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. पाच दिवसांच्या कोर्सला चौथ्या दिवशी सुरू केलं तर फारसं हाती लागत नाही.

सेफ्युरॉक्झिम आणि सेफपोडॉक्झिम यांना शोषलं जाण्यासाठी पोटात आम्ल लागतं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, फॅमोटिडिन यांनी आम्ल आटवलं की या दोघांचा असर कमी होतो. मघाशी म्हटलेली खोड ती हीच.

अँटिबायोटिक आणि पॅन्टोप्राझोल एकत्र चालू असताना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या जुलाबाची शक्यता वाढते. म्हातारी माणसं आणि नुकतेच इस्पितळातून घरी आलेले रुग्ण यांच्यात ती जास्त.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नावापुढे 'डी' असलेल्या गोळ्यांमध्ये बहुधा पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं. डॉम्पेरिडोन आणि क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन एकत्र घेतल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिनबरोबरही सावधगिरी लागते. हृदयविकार असलेल्यांनी, साठी ओलांडलेल्यांनी आणि रक्तातलं पोटॅशियम कमी असलेल्यांनी ही जोडी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. केमिस्टने 'तेच आहे हो' म्हणत साध्या गोळीऐवजी 'डी'वाली दिली तर परत करा.

घरात काय करता येईल

मुगाची मऊ खिचडी, इडली, केळं, भाताची पेज. एकदम पोटभर दोन जेवणांपेक्षा थोडं थोडं चार वेळा. मिसळ, चिंच-कोकम, सकाळचा कोरा चहा आणि तंबाखू कोर्स संपेपर्यंत बाजूला. सोलकढी पोटाला थंड वाटते खरी, पण त्यातलं कोकम आंबट आणि लसूण-मिरची तिखट. घशाशी येत असेल तेव्हा ती नकोच.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. दोन उशा घेऊन मान वाकवण्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती सहा इंच उचलणं जास्त उपयोगी. डाव्या कुशीवर झोपलं की आंबट पाणी कमी वर येतं.

प्रोबायोटिकच्या पुड्या जळजळीसाठी नसतात. जुलाब टाळायला त्यांची थोडीफार मदत होते, इतकंच.

इथे थांबू नका

- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखी काळी, चिकट शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण चिकट होत नाही)
- पाणीसुद्धा न गिळता येणं
- छातीत दडपण, घाम, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं. याला पित्त समजून वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.
- अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, दम लागणं
- दिवसातून अनेकदा पाण्यासारखे जुलाब, रक्त किंवा ताप. कोर्स संपून काही आठवडे झाले असले तरीही. जुलाब थांबवण्याची गोळी मनाने घेऊ नका.

औषध घेतल्यावर लगेच उलटी झाली आणि गोळी पडली असं वाटलं, तर डोस पुन्हा घ्यायचा का, हे फोन करून विचारा. पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नका.

दवाखान्यात आणि दुकानात काय मागाल

कोर्स झेपत नसेल तर तो सोसण्याची किंवा गुपचूप सोडण्याची गरज नाही. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: हे औषध बदलता येईल का, वेळ बदलता येईल का, आणि किती दिवस घ्यायचं? सर्दी-खोकला किंवा साधा ताप असेल तर चौथाही विचारा, की अँटिबायोटिक लागणारच आहे का? विषाणूंवर ती चालत नाहीत आणि न लागणारी गोळी टळली तर जळजळही टळते.

औषधाचं नाव सुवाच्य अक्षरात, शक्यतो मोठ्या लिपीत आणि मूळ नावाने लिहावं, असा वैद्यक परिषदेचा दंडक आहे. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मसिस्ट असणं कायद्याने आवश्यक आहे आणि औषध कसं घ्यावं हे समजावून सांगणं त्याच्या कामातच मोडतं. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तिसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन आणि आणखी काही अँटिबायोटिक २०१४ पासून 'एच-१' परिशिष्टात आहेत. ती विकताना दुकानदाराला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहावं लागतं. दुकानदार नाव विचारतो म्हणून रागावू नका.

पाच गोळ्यांसाठी पट्टी कापून मिळते, तेव्हा नेमका नाव किंवा मुदत असलेला तुकडा दुकानातच राहतो. हातात उरतात पाच चंदेरी फुगवटे आणि अर्धवट अक्षरं. घरी सिप्रो आहे की सेफिक्झिम हेच कळत नसेल तर वरचे सगळे नियम फुकट. बिल घ्या, त्यावर नाव आणि बॅच क्रमांक असतो. नाहीतर पूर्ण पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून मग कापायला सांगा.

औषधाने गंभीर त्रास झाला तर भारतीय औषधसतर्कता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाला स्वतःही कळवता येतं. तक्रारीचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. औषधाचं नाव, कधी सुरू केलं, त्रास कधी झाला आणि सोबत काय काय चालू होतं, एवढं टिपून ठेवलं की फोन पाच मिनिटांत आटोपतो.

कोर्स संपल्यावर

बहुतेकांची जळजळ दोन-चार दिवसांत मागे हटते. कोर्सपुरतं दिलेलं पॅन्टोप्राझोलही तेव्हाच थांबवायचं असतं. 'बरं वाटतंय' म्हणून ते वर्षानुवर्षं चालू ठेवणारे अनेक जण आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना ते कुणी, कशासाठी लिहिलं होतं हेही आठवत नाही. दोन आठवड्यांनंतरही घशाशी येत असेल, वजन घटत असेल किंवा घास अडकत असेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीची तपासणी लागेल का ते विचारा. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि तो पट्टीचा फोटो बरोबर न्या.